केसपेपरची कड

कारेगावच्या दवाखान्यात मी केसपेपर काढतो. आमच्या सिस्टर दुखणं विचारायच्या आधी घर विचारतात. "मामा, पाणी कुठनं भरता? खोलीवर पत्रा हाय का स्लॅब?" उत्तरं केसपेपरच्या कडेला बारीक अक्षरात लिहितात. बाहेर रांग वाढायची आणि मी वैतागायचो.

उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या वॉचमनमामांची शुगर काही केल्या उतरेना. डॉक्टर इन्सुलिन वाढवत चालले होते. सिस्टरनी कडेचं वाचलं: पत्रा, फ्रिज नाही. ड्युटी सुटल्यावर त्या थेट मामांच्या खोलीवर गेल्या. इन्सुलिनची बाटली पत्र्याखालच्या फळीवर तापत पडली होती; उष्णतेनं औषधाचा जोरच गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि मामांच्या हातात नवी बाटली अन् घरून आणलेलं मडकं दिलं. "डब्यात घालून गार पाण्यात ठेवायची. फळीवर अजिबात न्हाई." डॉक्टरांनी डोस पुन्हा खाली आणला. शुगर ताळ्यावर आली.

परवा डॉक्टरांनी एका नव्या पेशंटचा केसपेपर उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला.

"कडेला काहीच लिहिलेलं नाही. आधी सिस्टरकडं पाठवा."

सिस्टर ड्रेसिंग करत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. खुर्चीत ताठ झालो तो मीच.