एक्केचाळीसचा दगड

मेलेलं जनावर ओढायचं ते उताराच्या दिशेने. हा नियम कुठे छापलेला नाही, पण कंबर सांभाळून नोकरी करणाऱ्याला तो छापील नियमांपेक्षा पक्का पाठ असतो.

महामार्गाच्या अडतिसाव्या किलोमीटरपासून सेहेचाळिसाव्यापर्यंतचा पट्टा त्याच्याकडे होता. हुद्दा मैलकुली. कडेचं गवत कापणं, मोऱ्या साफ ठेवणं, वाकलेले कठडे वर कळवणं, अशी कामं. नऊ वर्षांपूर्वी रस्ता चौपदरी झाला आणि त्यात एका कामाची भर पडली. गाड्यांखाली आलेली जनावरं उजाडताच उचलायची. कोल्हे, साळिंदरं, ससे, रानमांजरं, कधी रानडुक्कर, कधी पंख पसरून पडलेलं घुबड.

उचलण्याची पद्धत मुकादमाने ठरवून दिली होती. जनावर ताडपत्रीवर घ्यायचं, किलोमीटरच्या दगडापाशी न्यायचं, दगड दिसेल असा फोटो काढायचा, वहीत तारीख, जनावर आणि दगडाचा आकडा लिहायचा. मग गाडी येऊन घेऊन जायची.

"दगड दिसलाच पाहिजे," मुकादम म्हणाला होता. "नाहीतर तू घरी बसून मेलेल्या मांजराचा फोटो पाठवशील. मला काय कळणार?"

"माझ्याकडे मांजर नाही."

"आज नाही. उद्या पाळशील."

त्या पट्ट्यात ओढा ओलांडताना रस्ता एक वळण घेतो. सगळ्यात जास्त जनावरं त्या वळणावर पडत. तिथून बेचाळीसचा दगड चारशे मीटरवर, पण चढावर. एक्केचाळीसचा सहाशे मीटरवर, पण उतारावर. आणि गाडीला थांबण्याइतकी रुंद कड तिथेच होती. मैलकुलीने पहिल्याच महिन्यात काय ते ओळखलं. वळणावरचं प्रत्येक धूड ताडपत्रीवरून घसरत एक्केचाळीसपाशी यायचं आणि वहीत एक्केचाळीस म्हणून नोंदलं जायचं. यात आपण काही खोटं करतोय असं त्याला कधी वाटलं नाही. फोटो खरा होता, दगड खरा होता, जनावर तर खरंच मेलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी कंबर धरली. त्याने हातगाडी मागायचं ठरवलं आणि पुरावा म्हणून वहीच्या समासात बारीक रेघा ओढायला सुरुवात केली. ओढताना जितक्या वेळा टेकावं लागलं, तितक्या रेघा. साधारण शंभर पावलांना एक टेका. वळणावरून आणलेल्या जनावरापुढे आठ, कधी नऊ रेघा पडत. हातगाडीचा अर्ज काही गेला नाही, कारण मुकादमाने ऐकूनच घेतलं नाही. रेघांची सवय मात्र राहिली.

तो एका खोलीत राहायचा. एक खाट, एक खुर्ची, दोरीवर दोन सदरे. बायकोला जाऊन सात वर्षं झाली होती. तिचा चष्मा खिडकीच्या फळीवर होता, तो त्याने हलवला नव्हता. धूळ तेवढी पुसायचा. खिडकीतून महामार्ग दिसे आणि महामार्गापलीकडे एक निळी पाण्याची टाकी. ती त्याच्या ताईच्या घरावरची.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, मारलंही तिनेच. पूर्वी मधे साधा दुपदरी रस्ता होता तेव्हा तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं. ती मागच्या दारात उभी राहून ओरडायची, "अरे, जेवलास का?" आणि तो इकडून हात करायचा. चौपदरी झाल्यावर मधे काँक्रीटची भिंत आली, दोन्ही कडांना जाळी आली. आता पलीकडे जायचं तर पुलापर्यंत जाऊन वळसा घालायचा. अकरा किलोमीटर, दोन बस. ताईचे गुडघे गेलेले. भाच्याच्या त्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, त्यामुळे मुक्कामाचा विषयच नाही. तो दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचा, रोज संध्याकाळी फोन करायचा.

"टाकी दिसते का रे?"

"दिसते."

"मग मी जिवंत आहे असं समज."

निवृत्तीला चार महिने उरले असताना ती मुलगी आली. रस्त्यांमुळे जनावरांचं काय होतं याचा अभ्यास करणारी. रस्ता आता सहापदरी होणार होता आणि खात्याने रस्त्याखालून जनावरांसाठी एक भुयारी मार्ग द्यायचं कबूल केलं होतं. एकच. तो कुठे असावा हे तिने सांगायचं होतं. जुन्या नोंदी मागितल्यावर कार्यालयाने तिला मैलकुलीच्या खोलीवर पाठवून दिलं.

ती खुर्चीवर बसली, तो खाटेवर. तिने नऊ वर्षांच्या वह्या एकामागून एक चाळल्या. संध्याकाळ झाली तरी उठली नाही.

"काका, इतकी नियमित नोंद मी कुठेच पाहिली नाही," ती म्हणाली. "एक दिवस सुटलेला नाही."

"एक सुटलाय. बायको गेली तो."

तिने हातातली वही मिटली. मग विचारलं, "पहिल्यांदा काय उचललं होतंत?"

चौदा वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. "कासव," तो म्हणाला. "जिवंत होतं. पाठ फुटली होती. संध्याकाळी गेलं. ते वहीत नाही."

"का?"

"माझ्याच खोलीत गेलं. इथे कुठला दगड दाखवू?"

ती हसली, मग समासाकडे बोट करून म्हणाली, "आणि या रेघा कसल्या?"

हातगाडीची रडगाणी शिकल्यासवरल्या मुलीपुढे कुठे गायची, असं त्याला वाटलं. "काही नाही," तो म्हणाला. "पेन चालतंय का बघत होतो."

तीन आठवड्यांनी ती नकाशा घेऊन आली. रस्त्याची लांब रेघ आणि तिच्यावर लाल ठिपके. एक्केचाळीसपाशी ठिपक्यांचा गोळा झाला होता.

"बघा काका, इथेच सगळी येतात. भुयार इथेच होणार. शिवाय पलीकडे वस्ती आहे म्हणून कडेने माणसांसाठी पायवाटही मिळतेय. साहेब लगेच तयार झाले."

पलीकडची वस्ती म्हणजे निळी टाकी. मैलकुलीने नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. एक्केचाळीसपाशी अलीकडे रस्ता खोदून काढलेला, दोन पुरुष उंचीची सरळ दरड. तिथून ससाही उतरत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "छान झालं."

त्या संध्याकाळी त्याने ताईला पायवाटेचं सांगितलं. भुयाराचं, ठिपक्यांचं सांगितलं नाही.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "मागच्या दाराची कडी बदलून घेतली. नऊ वर्षं उघडलं नव्हतं, गंजून दगड झाली होती. बिजागऱ्यांना तेल घातलंय. आता करकरत नाही. तू आलास की मला आवाजसुद्धा येणार नाही."

"काम सुरू तरी होऊ दे."

"होईल की. माझ्या आधी होऊ दे म्हणजे झालं."

पुढचा आठवडाभर त्याने नेहमीसारखं काम केलं. दोन साळिंदरं पडली, आई आणि पिल्लू, दोन्ही वळणावर, ओढ्याच्या झुडपांतून वर आलेली. आईला ओढताना त्याने आठ वेळा टेका घेतला. पिल्लाचं काही ओझं नव्हतं, ते ताडपत्रीच्या कोपऱ्यात बसलं. एक्केचाळीसपाशी पोचला तेव्हा तिथे मोजणीवाले खुंट्या ठोकत होते. त्यांना फोटोतून बाजूला व्हायला सांगावं लागलं. त्याने वही काढली, दोन ओळी लिहिल्या, आठ रेघा ओढल्या आणि खुंट्यांकडे बघत उभा राहिला.

बोललं नाही तर ताईचं मागचं दार उघडणार होतं. बोललं तर नऊ वर्षांच्या वह्या रद्दीत जाणार, आणि त्याला काका म्हणून समोर खुर्चीवर बसणारं एकुलतं एक माणूसही जाणार. जनावरांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. ती ताडपत्रीवर होती.

त्याने मुलीला फोन लावला. "मॅडम, खुंट्या चुकल्यात."

ती तासाभरात आली. त्याने आधी साळिंदरं दाखवली, मग तिला चालवत वळणापर्यंत नेलं. डांबरावरचा डाग अजून ओला होता.

"इथे?" ती म्हणाली. "मग आज तिकडे का?"

"आजच नाही. रोजच."

ती कठड्याला टेकली. रागावली नाही, आणि तेच त्याला जड गेलं. "मी तुम्हाला विचारलं होतं काका. एकेक वही समोर ठेवून विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत की कुठे नोंदलं. कुठे पडलं ते विचारलं नाहीत." बोलल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही. "आणि मला कळत होतं," तो म्हणाला. "पलीकडे माझी बहीण राहते."

एक टँकर गेला.

"आता तुमच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार?" ती म्हणाली. "कागदावर काही नाही."

"रेघा आहेत."

मग त्याने हातगाडीची गोष्ट सांगितली. शंभर पावलांना एक टेका, आणि ओढायचं ते कायम उताराकडे. ती ऐकताना मधेच चालायला लागली. वळणापासून एक्केचाळीसच्या दगडापर्यंत पावलं मोजत गेली, मोजत परत आली. नंतर तीन दिवस त्याच्या खोलीत बसून तिने सगळ्या वह्यांतल्या रेघा पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसवर नोंदलेल्या दोनशे साठ जनावरांपैकी एकशे एक्क्याहत्तर वळणावरची निघाली. रेघा सुरू होण्याआधीची जी जनावरं त्याला नीट आठवेनात, ती तिने लाल पेनाने खोडली. खोडताना प्रत्येक वेळी विचारलं, "नक्की नाही?" आणि तो म्हणाला, "नक्की नाही."

मुकादमाला आणि त्याला एकाच दिवशी लेखी समज मिळाली.

"दगड दिसला पाहिजे म्हणालो होतो," मुकादम म्हणाला. "जनावर दगडापर्यंत चालत गेलं पाहिजे असं म्हणालो नव्हतो."

"चालत गेलं असतं तर मला पगार कशाला मिळाला असता?"

मुकादमाने कागदाची घडी करून खिशात टाकली. "चहा पाज आता," तो म्हणाला.

खुंट्या उपटून वळणावर गेल्या. तिथे पलीकडे वस्ती नव्हती, तेव्हा पायवाटही नव्हती.

ताईला सांगायला त्याने दोन दिवस घेतले. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मागे भाच्याच्या घरातली भांडी वाजत होती.

"खरं बोलायला तुला मीच शिकवलं," ती शेवटी म्हणाली. "माझीच चूक."

"ताई…"

"तेल वाया गेलं एवढंच. कडी काय, राहू दे. चांगली आहे."

भुयार पूर्ण व्हायला सव्वा वर्ष लागलं. तोवर तो निवृत्त झाला होता. दोन्ही तोंडांशी झुडपं लावली, जमिनीवर माती पसरली, जनावरांना तिकडे वळवणारी जाळी दोन्ही बाजूंना लांबवर नेली. तोंडापासून बऱ्याच अलीकडे पाटी लागली: माणसांनी पुढे जाऊ नये. मुलगी तोवर दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर कामाला गेली होती. त्याने एकदा फोन केला तेव्हा ती घाईत होती. पहिले काही महिने काहीच जात नाही, काका, घाबरू नका, एवढं सांगून तिने ठेवला. त्यानंतर त्याने केला नाही.

पाटीचं ऐकून ताईने एक तोड काढली होती. "मी नातवाला धरून पलीकडच्या तोंडाशी येते. तू अलीकडे उभा राहा. आत कशाला जायचं? तोंड तर दिसेल."

"तिथेही जायचं नाही म्हणतात. माणसाचा वास राहिला की जनावरं येत नाहीत."

"वा. इतकी वर्षं तू मेलेल्यांचा वास घेतलास, आता जिवंतांना तुझा नको."

"तसंच."

"बरं आहे. दोन बस आहेतच."

पट्ट्यावर आता नवा मैलकुली होता. त्याच्याकडे हातगाडी होती आणि जागा आपोआप टिपणारा फोन होता. दगडाची गरज संपली होती. महिन्यातून एकदा जुना मैलकुली त्याला चहाच्या टपरीवर गाठायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"वळणावर काही?"

पहिल्या महिन्यात तीन होती. मग दोन. नंतर एक ससा. पाचव्या महिन्यात नवा मैलकुली म्हणाला, "काही नाही. आत मातीत पावलं आहेत म्हणतात साहेब. साळिंदराची, कोल्ह्याची. मी काही आत गेलो नाही."

"जाऊ नकोस."

चहा संपवून तो खोलीवर आला. रुंद झालेल्या रस्त्याची नवी भिंत आता उंच होती. खिडकीतून टाकीचा वरचा काठच तेवढा दिसत होता, तोही खुर्चीवर उभं राहिलं तर. तो खुर्चीवर चढला. काठ निळा होता. मग खाली उतरून त्याने खुर्ची जागेवर ठेवली आणि फोन लावला.

"टाकी दिसते का रे?" ताईने विचारलं.

"दिसते," तो म्हणाला.