संग्राम मोहितेच्या चोऱ्या

क्रीडापानावर आयुष्य काढलं की हाताशी पेन्शन राहत नाही, किस्से राहतात. क्रिकेटचे किस्से सगळ्यांकडे आहेत, ते मी सांगणार नाही. बडोद्यातल्या आमच्या गुजराती पेपरात तेव्हा क्रिकेटवाल्याला ताप आला तरी दोन कॉलम मिळायचे आणि बेसबॉलची टीम जिंकली तर दोन इंच. त्या दोन इंचांसाठी मी जेवढा भांडलो, तेवढा बायकोशीही भांडलो नाही. हे त्या दोन इंचांतलं उरलंसुरलं.

*

संग्राम मोहिते रावपुऱ्यातल्या शाळेत नववीत होता, तेव्हा पी.टी.च्या साळवी सरांनी बेसबॉल सुरू केला. बेसबॉलच का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, क्रिकेटवाल्यांनी मैदान घेतलं, आपल्याला कोपरा ठेवला. आणि हा खेळ कोपऱ्यातूनच सुरू होतो.

संग्राम शॉर्टस्टॉप होता. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहायचं आणि जमिनीवरून सणसणत येणारा चेंडू अडवायचा. ग्लोव्ह्ज कमी होते. एका पटेलांच्या मुलाच्या मामांनी न्यू जर्सीहून खरा अमेरिकन ग्लोव्ह आणला, तर तो निघाला डावखुऱ्याचा, उजव्या हातात घालायचा! संग्रामने तो डाव्या हातात उलटा कोंबला, अंगठ्याच्या घरात करंगळी. बारावीपर्यंत तो त्याच्यावरच खेळला.

राज्याच्या टीममध्ये निवड झाली आणि त्याला पहिल्यांदा मापाचा ग्लोव्ह मिळाला. सरावाचा पहिलाच सोपा चेंडू त्याच्या पायांमधून गेला. सरांनी विचारलं, काय झालं रे?

"सर, हा हातात नीट बसतोय."

*

एक मॅच बडोद्याजवळच्या सावली गावात होती. उद्घाटनाला तिथले एक मोठे शेतकरी काका आले होते. नारळ फोडून निघून जातील असं वाटलं, पण ते खुर्ची टाकून बसलेच. तासाभराने त्यांनी जवळ उभ्या असलेल्या संग्रामला विचारलं, केटली ओवर बाकी?

संग्राम म्हणाला, "ओवर नथी, काका. सामेवाळा आउट थाय त्यारे पते." म्हणजे समोरचे आउट होतील तेव्हा संपणार.

काकांनी मान डोलावली. "एटले कोर्टना केस जेवुं." कोर्टातल्या केससारखंच, असं म्हणत त्यांनी घरून जेवणाचा डबा मागवला.

*

आता मुख्य गोष्ट. पिचर चेंडू टाकायच्या नादात असताना पळत जाऊन पुढचा बेस गाठायचा, याला या खेळात 'बेस चोरणं' म्हणतात. राज्याच्या फायनलला संग्रामने असे बेस चोरले आणि त्या जोरावर बडोदा जिंकलं. मी बातमी दिली. आमचे डेस्कवरचे दवेभाई अत्यंत सज्जन माणूस, फक्त मथळा एका ओळीत बसवण्याचं त्यांना व्यसन. सकाळी पेपर उघडला तर मथळा होता: 'मोहितेनी त्रण चोरी, वडोदरानी जीत.' म्हणजे मोहितेच्या तीन चोऱ्या, बडोद्याचा विजय.

अकरा वाजता संग्रामचे वडील विलासराव ऑफिसात हजर. हातात पेपरची सुरळी. म्हणाले, आमच्या पणजोबांनी संस्थानच्या खजिन्यावर पहारा दिला, एक कुलूप हललं नाही, आणि तुम्ही आमच्या पोराला चोर छापता? 'बेस' शब्द गेला कुठे, असं मीही दवेभाईंवर ओरडलो.

दवेभाई शांतपणे म्हणाले, "जग्या नहोती." ओळीत जागाच नव्हती म्हणे.

मग मी टेबलावर चहाच्या चार बश्या मांडल्या आणि बोट पळवून विलासरावांना खेळ समजावला. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"म्हणजे समोरच्याचं लक्ष नसताना पळायचं?"

"हो."

"मग चोरीच की ही!"

*

हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्याच महिन्यात शहराबाहेर बाजव्याकडच्या एका मोठ्या कारखान्याने आपल्या बेसबॉल टीमसाठी अर्ज मागवले. आपल्याकडे प्रोफेशनल खेळाडू तो एवढाच: पगार कारखान्याचा, घाम मैदानावर. जागा एक, शॉर्टस्टॉपची. त्या दिवसांत कारखाने माणसं घ्यायची सोडून कमी करत सुटले होते, तेव्हा पुढच्या वर्षी ती एकही नसणार हे सगळ्यांना कळत होतं. अर्जासोबत पेपरातलं कात्रण हवं होतं, आणि संग्रामचं नाव मथळ्यात आलेलं कात्रण अख्ख्या जगात एकच होतं.

संपादकांशी भांडून मी दुरुस्ती छापायला लावली. दवेभाईंनाही वाईट वाटलं होतं. म्हणाले, या वेळी मी स्वतः तपासून छापतो. त्यांनी साळवी सरांना फोन केला, स्कोअरबुक उघडायला लावलं, प्रत्येक नोंद वाचून घेतली. इतकी मेहनत मी त्यांना क्रिकेटसाठीही करताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकटीत छापून आलं: 'सुधारो: मोहितेए त्रण नहीं, चार चोरी करी हती.'

*

इंटरव्ह्यूचं मला संग्रामनेच सांगितलं. समोर तीन साहेब. त्यातले एक पोलिसातून रिटायर होऊन कारखान्याच्या सिक्युरिटीचे प्रमुख झालेले. त्यांच्यापुढे दोन्ही कात्रणं. बाकीचे दोघे खेळाचं विचारत होते, हे मात्र कात्रणांवरून नजर काढीनात. शेवटी त्यांनी हिंदीत विचारलं, चार चोऱ्या?

"जी, सर."

"रात को?"

"दोपहर में, सर. दो अंपायर के सामने."

"पकडे गये?"

"एक बार भी नहीं, सर."

साहेबांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली.

महिन्याभराने विलासराव पुन्हा ऑफिसात आले. या वेळी अंगात कोट, एका हातात पेढे, दुसऱ्या हातात नेमणुकीचं पत्र. माझ्या टेबलावरून पुढे गेले आणि पत्र दवेभाईंसमोर ठेवलं. दवेभाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: संग्राम विलासराव मोहिते, बेसबॉल टीम. विभाग: सुरक्षा. काम: मुख्य गोदामाचा पहारा.

विलासरावांनी पेढ्यांचा पुडा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"दवेभाई, जग्या छे ने?"