बारा छातीपट्टे

उजेड आधी टेबलावर पडतो. टेबलावर बारा पट्टे, तळहाताएवढे, ओळीनं मांडलेले. मागे काचेचं कपाट, तारांचा गुंता, भिंतीवरच्या घड्याळात चार. आणि मग दिसतात काकू: खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. बूड म्हणून टेकत नाहीत.

चाळीस वर्षं काकूंनी ब्लाउज शिवले. मग एक दिवस एक तरुण इंजिनीअरीण दारात उभी राहिली. तिला कमी दिवसांच्या बाळांचा श्वास मोजणारा पट्टा हवा होता. चांदीचा मुलामा दिलेला दोरा मऊ कापडात नागमोडी शिवायचा. छाती हलली की तो ताणतो, श्वास थांबला की यंत्र बोंब ठोकतं. शिलाई मशीनवर हा दोरा तटातट तुटायचा. काकूंच्या हाताखाली मात्र गुमान बसला. जाऊबाईंचा टोमणा तेव्हापासून ठरलेला, की आमच्या बाईसाहेब आता टाके घालणाऱ्या डॉक्टर झाल्या.

बारापैकी पाच पट्टे बिघडले. कधी उगाच ओरडायचे, कधी ओरडायचं तेव्हा मुके. इंजिनीअरणीनं तीन आठवडे डोकं फोडलं, जोडण्या उकलल्या, पुन्हा डाग देऊन जोडल्या, यंत्र बदललं. शेवटी पाच बाजूला काढले. उरलेले सात आज पाच वाजता हॉस्पिटलला जाणार होते आणि उद्या सकाळी खऱ्या बाळांच्या छातीवर.

दुपारी एका पट्ट्याची शिवण सैल दिसली म्हणून काकूंनी सुई घेतली. गाठ मारायच्या आधी दोऱ्याचं टोक सवयीनं ओठांत धरून ओलं केलं. जिभेवर धातूची चव आली आणि हात तिथंच थांबला.

त्यांनी बिघडलेले पाचही उलटे केले. शिवण सुरू होते तिथं, गाठीपाशी, चांदी काळी पडली होती. सगळ्यांनी तारा तपासल्या होत्या. गाठ कोण बघतो? मग चांगले सात पाहिले. तिथंही करडी सावली होती, फिकट. हे सात मागाहून शिवलेले, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून या येरझारा. बोलावं तर पोरीची दोन वर्षांची मेहनत लटकणार, आपल्याला घरी बसावं लागणार, आणि घरी जाऊबाई आहेतच. न बोलावं तर सात बाळं, आणि पट्टा मुका. काकू पाणी प्यायल्या. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पट्टे पुन्हा मोजले, जणू मोजून कमी होणार होते.

पावणेपाचला इंजिनीअरीण खोका घेऊन आली. काकू टेबलासमोर आडव्या येऊन उभ्या राहिल्या.

"हे जायचे नाहीत."

"काकू, चेष्टा नको हं. गाडी खाली उभी आहे."

काकूंनी भिंग तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, जिभेच्या चवीसकट. ती एकेक गाठ बघत गेली. सातव्या पट्ट्यापाशी खुर्चीत बसली. मग म्हणाली, की हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना आता कोणत्या तोंडानं सांगू? ते म्हणतील, तुमचं यंत्रच खोटं.

काकूंनी टेबलावरचा फोन उचलून तिच्या हातात ठेवला.

"सांग गं त्यांना, यंत्र शहाणं आहे. शिंपिणीनं थुंकी लावली."