बेळगुंदीचा तांबडा रशिया

दुसऱ्या महायुद्धात रशियामुळे अख्ख्या बेळगावात एकच संसार मोडायला आला होता. तो आमचा.

मी तेव्हा शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण माझं सगळं लक्ष आघाडीवर! जगाचा नकाशा मी स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला होता, कारण जग मावेल एवढी दुसरी जागा घरात नव्हती. त्यावर सैन्यं मांडायची ती ताराच्या डब्यांतली. मसूरडाळ म्हणजे रशियाची लाल सेना, काळे उडीद म्हणजे जर्मन, आणि इंग्रजांना मी वाटाणे दिले होते (दिसायला बरे, शिजायला उशीर). रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून मी रांगत रांगत फौजा हलवायचो आणि तारा, माझी बायको, चुलीकडे जाताना युरोपला वळसा घालून जायची. बिचारी एका शब्दानं बोलली नाही.

मग रेशन आलं. एके दिवशी शाळेतून आलो, जेवायला बसलो, आमटी भुरकली. फक्कड झाली होती! सहज नकाशाकडे नजर गेली, तर लाल सेना गायब!

"तारा! डाळ कुठे गेली?"

"तुमच्या वाटीत. घरात दुसरी न्हवती."

"अगं, तू रशिया शिजवलास!"

"शिजवला. मग? तुमीबी भुरकलासा की!"

इथे शहाण्या माणसानं वाटी पुढे करून आणखी आमटी मागितली असती. मी म्हणालो, "तिथे माणसं रशियासाठी प्राण देतायत, आणि तुला एक दिवस डाळीवाचून राहवेना?"

तिनं पळी चुलीपाशी टाकली. मग म्हणाली, "मग आता रश्यातच जेवा!" आणि ट्रंक उचलून माहेरी गेली, बेळगुंदीला.

पहिले काही दिवस मी स्वाभिमानावर काढले, पुढचे करपलेल्या भाकरीवर. घर असं काही गप्प झालं होतं की नकाशातल्या फौजांनाही लढायची इच्छा राहिली नव्हती. गल्लीतले लोक म्हणायचे, "रशियाच्या नादानं मास्तर एक दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात जाणार." शेवटी एका रविवारच्या आदल्या दिवशी मी हिंडलग्यावरूनच पुढे सासुरवाडीला गेलो. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून काखेत नकाशा घेतला. (नारळ सुचला नाही!)

आता बेळगुंदीत रशियाला म्हणतात 'रश्या', आणि भाकरी कुस्करून खातात तो 'रश्शा'. त्यातून सांगणारी बाई रडत असली, की दोन्हींत फरक करणं देवालाही कठीण. "मी रश्या शिजवला म्हणून हे भांडले" असं तारानं सांगितलं, आणि सासूबाईंनी ऐकलं की जावई आपल्या लेकीच्या रश्शाला नावं ठेवतो! लेकीला रश्शा शिकवला होता सासूबाईंनी. आणि सासूबाईंच्या रश्शासाठी शेजारच्या गावांतून लग्नात स्वयंपाकाला बोलावणी यायची. यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझ्यापुढे ताक-भाकरी आली तेव्हा वाटलं, रेशन इकडेही पोचलं.

जेवण झाल्यावर सासरे, म्हणजे आप्पा, कट्ट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"मास्तर, भांडान रश्श्यावरनं झालं म्हनं?"

मला बरं वाटलं. निदान आप्पांना विषय तरी ठाऊक होता!

"हो आप्पा. तिला अजून त्याचं महत्त्व कळलेलं नाही."

आत कुणीतरी भांडं आपटलं.

"मग तुमास्नी चांगला येतोय व्हय?"

"येतो म्हणजे? दांडगा अभ्यास आहे माझा! उद्या संध्याकाळी चावडीपुढे सगळ्या गावासमोर मांडतो की!"

"समद्या गावाला?" आप्पांनी डोळे विस्फारले. "तांबडा?"

"अर्थात तांबडा!"

"जरा पांढराबी ठेवा. म्हाताऱ्यास्नी तिखाट सोसत न्हाय."

"छे छे! पांढऱ्यांचा तिथे केव्हाच निकाल लागला, आप्पा! आता त्यांची बाजू कुणी घेत नाही." (मी रशियाच्या क्रांतीत हरलेल्या पांढऱ्या फौजांबद्दल बोलत होतो. आप्पा नव्हते.)

आप्पांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "बरं. गावानं बरा म्हटला, तर परवा गाडी जुंपून पोरीला धाडतो. न्हायतर तुमचं तुमी शिजवून खावा."

एका भाषणावर बायको परत मिळणार होती! दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून गोठ्यात म्हशीपुढे भाषणाची तालीम करत होतो. गावात दवंडी फिरली त्यातली हलगी आणि "जावई" एवढा एकच शब्द कानावर आला. मला भरून आलं. दवंडी खरी अशी होती, हे मागाहून कळलं: "ऐका हो ऐका! बेळगावचे मास्तर जावई आज सांच्याला चावडीम्होरं समद्या गावाला तांबडा रश्शा घालनार हायती! आपापली वाटी घिऊन यावं हो!"

संध्याकाळी चावडीपुढे उभं राहायला जागा नव्हती. बेळगावात माझ्या व्याख्यानाला अध्यक्ष धरून एक बाक भरत नसे, आणि इथे म्हातारी-कोतारी, लेकुरवाळ्या बायका, सगळं गाव लोटलेलं! प्रत्येकाच्या हातात ताट-वाटी, फडक्यात भाकरी. मी मनात म्हटलं, काय ही ज्ञानाची ओढ, माणसं रात्रीचं जेवण बरोबर घेऊन आलीत! मी नकाशा जमिनीवर अंथरला. सतरंजी समजून पाटील त्यावर मांडी घालून बसले, थेट सायबेरियावर.

"हं, मास्तर! रश्शा कुठं हाय?"

"पाटील, तुम्ही त्याच्यावरच बसलाय!"

पाटील टुणकन उठले आणि धोतर मागून चाचपून बघू लागले.

"हा बघा!" मी बोट फिरवलं. "हा एवढा सगळा तांबडा!"

माणसं वाट्या सरसावून पुढे झुकली. एक म्हातारी वाकून नकाशा न्याहाळत होती. ती म्हणाली, "ह्यात मटान कुठं हाय रं, बाबा?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळी चावडी हसू लागली. हातातल्या वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात रश्या वेगळा झाला आणि रश्शा वेगळा! आप्पा मात्र हसत नव्हते. त्यांनी मान खाली घातली होती. माझ्या शब्दावर त्या माणसानं गाव जेवायला बोलावलं होतं, आणि आता गाव उपाशी परतणार होतं. मला फार वाईट वाटलं. नकाशात समुद्र पुष्कळ होते, पण बुडायला एकही उपयोगाचा नव्हता.

तेवढ्यात पदर खोचून तारा पुढे आली.

"आप्पा, तीन दगडं मांडा. मसाला मी सकाळीच वाटलाय." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "शिजंस्तवर तुमी बोला. आज कोनबी उठून जात न्हाय."

"तुला माहीत होतं? मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुमचं त्वांड बघायचं हुतं मला."

मोठा हंडा चढला. आप्पांचे दोन कोंबडे धारातीर्थी पडले, बाकीची आघाडी घराघरांतून आलेल्या बटाट्यांनी सांभाळली. कुणी कांदे आणले, कुणी खोबरं, कुणी जळण. मला राहवेना. मी ओरडलो, "सासूबाई, ज्याला जमेल तसं त्यानं द्यायचं आणि लागेल तसं घ्यायचं! अहो, हाच तो समाजवाद!"

"व्हय व्हय," सासूबाई म्हणाल्या. "धूर कुनीकडं जातोय बघून हुबं ऱ्हावा जरा."

मग मी बोललो. जर्मनी-रशिया तहाची कलमं कुणाला कळेनात, तेव्हा सांगितलं की जर्मनीनं रशियाशी भाऊबंदकी मिटवली आणि नंतर त्याचाच बांध कोरला. झालं, चावडी पेटली! "बांध कोरला? अन् रश्या गप बसला?" "मोजनी करा म्हनावं!" "इंग्रजाचं काय काम हाय मधी? त्यो आपल्याच रानात घुसलाय की!" शेवटच्या वाक्यावर पाटलांना (गावचे पोलीसपाटीलही तेच) अचानक खोकल्याची उबळ आली. माझ्या आयुष्यात एवढं कान देऊन मला कुणी ऐकलं नाही. दर थोड्या वेळानं सगळ्यांच्या माना हंड्याकडे वळत, ती गोष्ट वेगळी.

रश्शा होत आला तेव्हा तारानं मला बोलावलं आणि मिठाचं गाडगं पुढे धरलं. "मीठ तेवढं तुमी घाला. म्हंजे रश्शा तुमीच केला असं हुईल. आप्पांचा शब्द खोटा पडाय नगं."

मी मीठ घातलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि सगळंच काही तिखटाचं नव्हतं.

पाटलांनी पहिली वाटी भुरकली. आप्पा श्वास रोखून बघत होते. पाटील म्हणाले, "बरा हाय." दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली गेली.

हिंडलगा मागे पडल्यावर मी विचारलं, "आईला रश्या आणि रश्शातला फरक तू का नाही सांगितलास?"

तारा रस्त्याकडे बघत म्हणाली, "तिसऱ्या दिशीच कळलं हुतं मला, आईनं काय ऐकलंय ते. पर रश्शापायी भांडनारा नवरा भूक लागली की माघारी येतोय, असं आई म्हनली. रश्यापायी भांडनाऱ्याला ती माझ्याकडं फिरकू दिली नसती." थोडं थांबून ती म्हणाली, "आन् मला तुमी यायला पायजे हुतासा."

मी नकाशा गुंडाळून तिच्या पाठीमागे टेकायला दिला. सगळं जग प्रथमच काहीतरी उपयोगाला आलं.

अजूनही बेळगुंदीला गेलो की लोक विचारतात, "मास्तर, रश्या परत कवा?" भाषणातलं एक अक्षर कुणाला आठवत नाही. सगळे तारानं वाटलेल्या मसाल्याचं कौतुक करतात, कोंबड्यांची आठवण काढतात, बटाट्यांनाही चांगलं म्हणतात. आणि मग आप्पा ऐकत नाहीत असं बघून हळूच सांगतात की रश्शा झकास हुता, मीठ तेवढं कमी पडलं हुतं.