पहिला सा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आमच्या वरच्याच मजल्यावर सर राहायचे. दिवसा रेडिओवर व्हायोलिन वाजवायची नोकरी आणि संध्याकाळी मोठमोठ्या गायकांना साथ. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे व्हायोलिन शिकत होते. माझी प्रगती यथातथाच, त्यामुळे मैफलीत मागे बसून तानपुरा छेडायचं काम माझ्या वाट्याला आलं. तिथून सरांचा गज धरलेला हात मला जितक्या जवळून दिसला, तितका क्वचितच कुणाला दिसला असेल.

गायकाने एखादी नवी जागा घेतली की पुढच्याच श्वासात ती जशीच्या तशी व्हायोलिनमधून निघायची. सरांनी ती आधी कधी ऐकलेलीही नसायची. गायक कुठे चुकलाच, तर सर गज असा फिरवायचे की ती चूक मुद्दाम केल्यासारखी वाटावी. मी थक्क होऊन बघत राहायचे. घरी येऊन सांगितलं की आई म्हणायची, "अगं, मग टाळ्या गायकालाच का मिळतात?" मला फार राग यायचा. सरांना तो येत नाही, याचा तर जास्तच.

त्या वर्षांत गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मोहरीची शेतं संपली की थेट लिफ्टच सुरू व्हायची. तिथल्या एका नव्या कंपनीने सरांना वाजवायला बोलावलं, तेही एकट्यांना. इतकी वर्षं साथ केल्यावर पहिल्यांदा मैफल त्यांची होती. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "आता जमलं नाही तर ह्यांना परत कोण विचारणार?" सर हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

हॉलमध्ये एसी इतका की तारांचा सूर सारखा हलत होता. सरांनी तीनदा व्हायोलिन लावलं. मग मांडी घालून त्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं, डाव्या हाताच्या बोटांना पावडर लावली, गज उचलला आणि थांबले.

गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या लोकांना आधी वाटलं, सर ध्यान करताहेत. मग चुळबुळ सुरू झाली. एक अधिकारी वाकून म्हणाला, "सर, शुरू कीजिए ना, टाइम हो गया." सर हलले नाहीत. त्यांची मान किंचित डावीकडे वळलेली होती. साथीला बसले की गायक त्यांच्या डाव्या बाजूला असायचा.

मग माझ्या लक्षात आलं. सर गायकाच्या सा ची वाट बघत होते. मुख्य कलाकाराने सूर लावल्याशिवाय साथीदाराने गज तारेला लावायचा नसतो. ही अदब त्यांच्या हाडीमासी खिळली होती. आज मुख्य कलाकार आपणच आहोत, हे हाताला कळतच नव्हतं.

मी तानपुऱ्याआड तोंड लपवून हलकेच सा लावला. गज खाली आला.

पुढचा तासभर त्यांनी जो यमन वाजवला, तसा मी त्यानंतर आजवर ऐकलेला नाही. मोबाइल मिरवणारी माणसंही गप्प बसून होती.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "सा तू दिलास?"

मी हो म्हटलं. गाडी धौला कुआँच्या चौकात आल्यावर ते म्हणाले,

"पुढच्या वेळी देऊ नकोस."

पुढची वेळ काही महिन्यांनी आली. कोपर्निकस मार्गाजवळचा छोटा हॉल, समोर बरीचशी दिल्लीतली मराठी मंडळी आणि पहिल्या रांगेत काकू. सरांनी गज उचलला, मान डावीकडे गेली आणि ते थांबले. कुणीतरी खोकलं. तबलजी माझ्याकडे बघू लागला. काकूंनी डोळे मिटून घेतले. सा माझ्या घशाशी आला होता. मी ओठ दातांखाली घट्ट धरला. एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

सरांनी मान सावकाश सरळ केली. समोर बघितलं आणि सा लावला.

तानपुरा मध्येच थांबवायचा नसतो, हे लहान मुलांनाही माहीत असतं. माझी बोटं थांबली. सरांनी मागे वळून पाहिलं नाही. ते एकटेच पुढे निघाले होते.