मागचं न बोलणारे मुकादम

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मुकादमांचा एकच कायदा होता, झालेलं उगाळायचं नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं ते म्हणायचे. उमेदवारीत त्यांच्या पहिल्या साहेबानं साऱ्यांदेखत त्यांच्या चुकांचा पाढा वाचला होता आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणून आठवड्याच्या शेवटी ते आम्हाला पुठ्ठा कापायच्या यंत्रापाशी गोल उभं करत. प्रत्येकानं विचारायचं, "पुढे काय करू?" बाकीच्यांनी एकेक सूचना द्यायची. ऐकणाऱ्यानं फक्त "बरं" म्हणायचं. सबब नाही, वाद नाही.

मी तोंडाचा फटकळ. मला हा पोरखेळ वाटला. पण खोटं कशाला बोलू, काम सुधारलं. खळ लावणाऱ्या ताई कधी मान वर करत नसत, त्यासुद्धा तिथे बोलायला लागल्या. मुकादमही आपली पाळी चुकवत नसत.

एकदा त्यांच्या पाळीला माझा मेहुणा म्हणाला, "यापुढे यंत्राच्या जाळीकडे जरा लक्ष देत जा." तो कापणीवर होता. हात पात्याखाली जाऊ नये म्हणून तिथे जाळी असते. मुकादम म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी हलवूनही पाहिली. बंद यंत्रावर ती घट्टच होती.

पुढच्याच आठवड्यात जाळी सरकली आणि मेहुण्याची दोन बोटं गेली.

मुकादम रोज दवाखान्यात येऊन बसत. माझी बायको त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही, मीही नाही. राग होता आणि तो मला लपवायचाही नव्हता. मेहुणा पुन्हा कामावर उभा राहील का, या एकाच चिंतेनं आमचं घर पोखरलं होतं.

तो आला, पण यंत्राजवळ जाईना. आठवड्याच्या शेवटी आम्ही गोल उभे राहिलो तेव्हा तो दाराशीच थांबला. मुकादमांची पाळी आली. "पुढे मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"नुसतं बरं म्हणू नका," मेहुणा दारातून म्हणाला. "का, ते विचारा."

"का?"

"यंत्र तापलं की जाळी ढिली पडायची. आधी दोनदा पडली होती. पण ते मागचं झालं ना, मुकादम. बोलायचं कसं?"

मुकादमांनी दोन पेट्या ओढल्या. एकीवर ते बसले, दुसरी त्याच्यासाठी ठेवली.

"मागचं सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."