पोफळीच्या शेंड्यावरून

मी दिवेआगर सोडलं तेव्हा बाबा पोफळीवर होते. आई स्टँडपर्यंत आली, डोळे पुसत राहिली. बाबा मात्र सकाळीच सुपारी काढायला चढलेले. मला रागच आला होता. एसटी वाडीच्या कुंपणापाशी वळली तेव्हा शेंड्यावरून एक हात हलला, आणि पुढेही बराच वेळ हलताना दिसत राहिला. नंतर कधीतरी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "खाली उभा ऱ्हायलो असतो तर यष्टी लगेच दिसंनाशी झाली असती. वरनं लांबवर दिसते."

माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्याही डोळ्यांसमोर असा एखादा हात असेल.

आता मी माँट्रियलला एका छोट्या गेम स्टुडिओत काम करते. आम्ही मुद्दाम जुन्या धाटणीचे गेम बनवतो. लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचो तसे, जाड जाड पिक्सेलचे, आणि अवघड इतके की खेळणारा रडकुंडीला यावा. त्यातली एक लेव्हल माझी. तिच्यात माणूस पोफळ झुलवतो, शेंडा शेजारच्या झाडापर्यंत गेला की ते पकडतो, आणि खाली न उतरता अख्खी वाडी पार करतो. जरा आधी हात सोडला की पडला, पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात. टेस्टिंगवाले मला शिव्या घालतात. असं कुणी खरोखर करतं हे त्यांना पटत नाही. बाबा करायचे, कमरेला कोयता लावून, वर गुणगुणत.

वादळाने एका दिवसात वाडी आडवी केली. मी इथे अडकलेली, कोरोनामुळे विमानं बंद, घरचा फोन लागेना. उरलेल्या पोफळी इतक्या लांब लांब आहेत की एकीवरून दुसरी हाताला येत नाही. दर झाडाला उतरा, परत चढा, आणि बाबांचे गुडघे आता ते करू देत नाहीत. "मी काय आता वर जात न्हाय," असं ते एकदाच म्हणाले. तेव्हापासून फोनवर हवापाण्याचंच बोलतात. मला माझे पोफळीवरचे बाबा परत हवे होते. म्हणून ती लेव्हल मी वादळाआधीच्या वाडीसारखी काढली आणि आईच्या मोबाइलवर पाठवली.

मग आईच्या तक्रारी सुरू झाल्या. "तुझ्या बाबांनी माझा फोनच बळकावलाय. पडतात नि चिडतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, उतरतो." पुढे एके दिवशी म्हणाली, "आता पडत न्हाईत. पण शेवटच्या पोफळीवर जाऊन नुसते उभे ऱ्हातात. पुढं जातच न्हाईत."

मला कारण ठाऊक होतं. त्या शेंड्यावरून लांबवर रस्ता दिसतो, आणि रस्त्यावर मी एक इवलीशी लाल एसटी काढली आहे. ती कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी आईकडून फोन घेतला. "ती यष्टी," ते म्हणाले, "जाते की येते?"

मी जाणारीच काढली होती, दुसरी मला सुचलीच नव्हती. इतकी वर्षं घर म्हणजे मला मागे पडत गेलेलं काहीतरी वाटत होतं. तिकडे कुणी अजून रस्त्याकडे बघतंय, हे मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेल्या गेल्या मी त्या एसटीचं तोंड गावाकडे वळवलं. संध्याकाळी विमानाचं तिकीट काढलं.